दोन गडी, दोन लाठ्या, १८ सेकंद: अनरियल इंजिनमध्ये लाठीची लढत कशी उभी करावी

मर्दानी खेळाचे प्रात्यक्षिक चालू असते तेव्हा प्रेक्षकांची नजर लाठीच्या टोकावर खिळलेली असते, पण बाजूला उभे असलेले वस्ताद लढणाऱ्यांच्या पायांकडे पाहत असतात. पाय चुकला की तोल जातो आणि तोल गेला की वारात जोर राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. गेम इंजिन, म्हणजे व्हिडिओ गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, वापरून लढतीचे छोटे दृश्य करू पाहणाऱ्याने वस्तादांची ही नजर पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी. इंजिन प्रकाश देते, सावल्या देते, धूळ उडवते, कॅमेरा हवा तिथे नेऊन ठेवते. उभ्या माणसाचे वजन कोणत्या पायावर आहे हे मात्र ते आपण होऊन ठरवत नाही, आणि लढत खरी वाटते ती त्या वजनामुळे.

माझा स्वतःचा पहिला प्रयत्न नेमका इथेच फसला होता. तयार हालचालींच्या एका संग्रहातून मी एका पात्रासाठी वार आणि दुसऱ्यासाठी मार खाण्याची हालचाल उतरवून घेतली, दोघांना समोरासमोर उभे केले आणि वेळ जुळवत बसलो. प्रत्येक हालचाल स्वतंत्रपणे पाहिली तर सुरेख होती. एकत्र आणल्यावर मात्र वार हवेत जात होता, पाय जमिनीवर घसरत होते आणि मार खाणारा वार येण्याआधीच कळवळत होता. त्या हालचाली एकेकट्या माणसाकडून करवून घेतलेल्या होत्या आणि त्यांतील कोणासमोरही प्रतिस्पर्धी नव्हता. त्यामुळे या मार्गदर्शनात दोन्ही गडी आरंभापासून एकत्रच हलवले आहेत. तयार हालचाली चालण्यासाठी, उभे राहण्यासाठी, मागच्या गर्दीसाठी जरूर वापराव्यात, पण जिथे लाठी लाठीला भिडते तिथे हाताने काम करण्याला पर्याय नाही.

आधी लढत ठरवावी

पहिल्या दृश्यासाठी १८ सेकंद पुरेसे आहेत. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या हिशेबाने त्या ४३२ फ्रेम होतात आणि संध्याकाळचे दोन-तीन तास देणाऱ्या एकट्या माणसाला काही आठवड्यांत एवढे काम नीट करता येते. सोयीसाठी एकाला पांढरा गडी आणि दुसऱ्याला तांबडा गडी म्हणू. इंजिनमध्येही दोघांना तेच रंग द्यावेत, म्हणजे काम करताना कोणता पाय कोणाचा हा गोंधळ होत नाही.

लढतीची गोष्ट कागदावर चार-पाच ओळींत मावली पाहिजे. पहिल्या ९६ फ्रेममध्ये दोघे पवित्रा घेऊन एकमेकांभोवती फिरतात. ९६ ते १५० या फ्रेममध्ये पांढरा गडी डोक्यावर वार करण्याची हूल देतो आणि प्रत्यक्षात गुडघ्याकडे लाठी फिरवतो. तांबडा पाय उचलून लाठी खाली आणतो आणि वार अडवतो. १५० ते २३० मध्ये तीन वेगवान वार आणि तीन अडवणुका होतात. २३० ते २९० मध्ये तांबड्याचा वार पांढऱ्याच्या खांद्यावर बसतो आणि पांढरा कोसळतो. उरलेल्या १४२ फ्रेम, म्हणजे जवळजवळ सहा सेकंद, शांततेसाठी ठेवलेल्या आहेत: पांढरा एका गुडघ्यावर उठतो आणि मान वर करतो तेव्हा लाठीचे टोक त्याच्या गळ्यापाशी थांबलेले असते. एकूण वेळेचा तिसरा हिस्सा जवळजवळ काहीच न घडण्यासाठी ठेवणे नवशिक्याला जड जाते, पण आधीच्या वारांचा धाक याच सहा सेकंदांत प्रेक्षकापर्यंत पोहोचतो.

यानंतर स्वतःचे चित्रण करावे. मित्राला सोबत घ्यावे, टोकांना चिंध्या गुंडाळलेल्या दोन हलक्या काठ्या घ्याव्यात आणि मोकळ्या जागेत सगळी लढत अर्ध्या वेगाने करावी. फोन तिकाटण्यावर ठेवून तीच लढत एकदा बाजूने आणि एकदा समोरून टिपावी. फोनमध्ये सेकंदाला ६० फ्रेमची सोय असेल तर तीच वापरावी, कारण त्यात लाठी कमी पुसट दिसते. जवळ मर्दानी खेळाची तालीम असेल तर वस्तादांची परवानगी घेऊन जाणकारांचे हात पाहावेत. कोल्हापुरात हा खेळ आजही शिकवला जातो आणि तिथल्या मुलांचे पाय तासभर पाहिल्यावर जे कळते ते पडद्यावरच्या कुठल्याही धड्यातून कळत नाही. तिथे लक्षात येणारी पहिली गोष्ट अशी की पुढे सरकताना मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून सहसा जात नाही. पुढचा पाय सरकतो, मग मागचा तेवढाच सरकतो आणि दोन्ही पायांमधले अंतर जवळपास कायम राहते. संगणकावरच्या पात्रांना आपण नकळत रस्त्यावरून चालल्यासारखे चालवतो आणि पवित्रा तिथेच मोडतो.

इंजिनची मांडणी

अनरियल इंजिन ५ वैयक्तिक वापरासाठी आणि शिकणाऱ्यांसाठी मोफत आहे. ते एपिक गेम्सच्या लाँचरमधून उतरवून घेता येते, मात्र त्याला डिस्कवर अनेक गिगाबाइट जागा लागते आणि संगणकात ३२ जीबी रॅम व ८ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड असल्यास काम सुखाने होते. संगणक साधा असेल तर गोडो हे मुक्त इंजिन निवडावे. ते अगदी हलके आहे, आणि त्याच्या ४.० आवृत्तीपासून आलेल्या मूव्ही मेकर मोडमधून दृश्य थेट चित्रमालिकेच्या रूपात बाहेर काढता येते. तिथली बटणे वेगळी असली तरी पाय, तोल आणि वेळ यांविषयी पुढे जे लिहिले आहे ते तिथेही जसेच्या तसे लागू पडते.

अनरियलमध्ये नवा प्रकल्प उघडताना थर्ड पर्सन टेम्प्लेट निवडावे, कारण त्यात मॅनी आणि क्विन हे दोन मानवी पुतळे त्यांच्या कंट्रोल रिगसह तयार मिळतात. कंट्रोल रिग म्हणजे पुतळ्याच्या हाडांना बाहेरून हलवण्यासाठी बसवलेल्या मुठी. रिग दृश्यात ओढून आणली की सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे हालचाली वेळेनुसार मांडण्याच्या खिडकीत, तिची टाइमलाइन तयार होते. दोन गड्यांसाठी दोन वेळा हे करावे आणि पहिली कीफ्रेम (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेली स्थिती) टाकण्याआधी सिक्वेन्सरचा वेग ३० वरून २४ फ्रेमवर आणावा. हा बदल पुढे कधीतरी करू असे म्हणून सोडला तर मोजून ठेवलेल्या फ्रेमचे सगळे आकडे नंतर बदलतात आणि कागदावरचा आराखडा निरुपयोगी होतो.

अनरियलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. लाठीसाठी मॉडेलिंग मोडमधील सिलिंडर हे साधन घ्यावे आणि त्रिज्या १.५ व उंची १५० ठेवावी, म्हणजे ३ सेंटिमीटर जाडीची आणि दीड मीटर लांबीची काठी तयार होते. तयार दंडगोल ताणून लाठी करण्याचा मोह टाळावा. असमान ताणलेल्या वस्तूला हात बांधले की कधी कधी हाताचा आकारही वेडावाकडा होतो आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो.

लाठी आणि दोन हात

सर्वांत किचकट भाग हाच आहे, म्हणून इथे घाई करू नये. तलवार एका हातात असते, त्यामुळे ती हाताला बांधली की काम झाले. लाठी दोन्ही हातांत असते, मधेच एक हात सुटतो, लाठी फिरते आणि हात पुन्हा दुसऱ्या जागी पकड घेतो. लाठी उजव्या हाताला बांधली आणि डावा हात लाठीला बांधला तर उजवा हात हलताच डावा आपोआप मागे जातो, ही एक रीत झाली. ती सोपी आहे, पण तिच्यात लाठीचे टोक कुठून कसे जाईल यावर आपला ताबा राहत नाही, आणि प्रेक्षक तर टोकच पाहत असतो. त्यामुळे मी उलट रीत सुचवतो: लाठी स्वतंत्र ठेवावी, तिलाच कीफ्रेम द्याव्यात आणि दोन्ही हात तिला बांधावेत.

त्यासाठी लाठीच्या बुंध्यापासून १० सेंटिमीटरवर आणि ५० सेंटिमीटरवर दोन रिकामे अ‍ॅक्टर (दृश्यात न दिसणाऱ्या वस्तू) ठेवून ते लाठीला जोडावेत. या झाल्या पकडीच्या खुणा. मग गड्याचे हात इन्व्हर्स किनेमॅटिक्स, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आयके पद्धतीवर ठेवावेत, ज्यात पंजा कुठे आहे एवढे आपण सांगतो आणि कोपर व खांदा इंजिन जुळवून घेते. पंजा हलवणाऱ्या रिगच्या मुठीला पकडीच्या खुणेशी पेरेंट कन्स्ट्रेंट, म्हणजे बांधून ठेवणारे बंधन, लावला की लाठी जिथे जाईल तिथे पंजा जातो. हा कन्स्ट्रेंट कोणत्या फ्रेमपासून चालू आणि कोणत्या फ्रेमपासून बंद हे टाइमलाइनवर ठरवता येते, आणि हात सोडण्याच्या क्षणी पंजा उडी मारून भलतीकडे जाऊ नये यासाठी इंजिन शेजारच्या फ्रेममध्ये भरपाईही करते. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे: लाठी हाताला आणि तोच हात लाठीला, असे दोन्हीकडून कधीही बांधू नये. कोण कोणाच्या मागे जाणार हे इंजिनला ठरवता येत नाही आणि सगळे थरथरू लागते.

या रीतीचा एक तोटा आहे आणि तो मला फायद्याचा वाटतो. लाठी फार पुढे नेली की हात पूर्ण ताणले जातात आणि पंजे पकडीपासून सुटतात. अशा वेळी लाठी मागे घेऊ नये. कंबर पुढे न्यावी, खांदे वळवावेत, गुडघा वाकवावा. खरा लढवय्याही हेच करतो. लाठी लांब पोहोचवण्यासाठी त्याला सगळे शरीर तिच्यामागे न्यावे लागते, आणि रिगही आपल्याला तेच करायला भाग पाडते.

लाठीच्या फिरकीबद्दल एक सूचना. लाठी पूर्ण वर्तुळात फिरवायची असेल तर दर ९० अंशांवर एक कीफ्रेम असावी. शून्यावर एक आणि ३६० अंशांवर एक अशा दोनच कीफ्रेम दिल्या तर सुरुवात आणि शेवट एकच असल्यासारखी लाठी कधी कधी जागची हलत नाही, किंवा मधेच एखाद्या वेड्या कोनातून पलटी खाते.

ठोकळ पवित्रे

कीफ्रेमच्या पहिल्या फेरीत इंटरपोलेशन (दोन कीफ्रेममधली हालचाल इंजिनने भरण्याची रीत) कॉन्स्टंटवर ठेवावे, म्हणजे गडी एका पवित्र्यातून दुसऱ्यात झटक्याने जातात आणि मधली हालचाल दिसतच नाही. १८ सेकंदांच्या या लढतीला साधारण ४० ते ५० असे पवित्रे लागतात. या टप्प्यावर बोटे, डोळे, कपडे यांना हात लावू नये. प्रत्येक पवित्र्यात आधी कंबर, मग दोन्ही पाय, मग खांदे, मग लाठी आणि शेवटी डोके हा क्रम ठेवावा. कंबरेपासून जमिनीपर्यंत मनातल्या मनात एक ओळंबा सोडून पाहावा. तो दोन पावलांच्या मध्ये पडत असेल तर गडी स्थिर आहे. तो पावलांच्या बाहेर पडत असेल तर गडी पडतो आहे, आणि मग पुढच्या पवित्र्यात त्याने पाऊल टाकून स्वतःला सावरले पाहिजे किंवा खाली आले पाहिजे. वार करताना ओळंबा बाहेर जायलाच हवा, कारण तोल मुद्दाम सोडल्याशिवाय जोर येत नाही. अडवताना तो आत राहिला पाहिजे.

हे पवित्रे झटक्यांनी चालत असतानाच लढत समजली पाहिजे. कोण हूल देतो आहे, कोण फसला, वार कुठे बसला हे या अवस्थेत कळत नसेल तर पुढे कितीही गुळगुळीत केले तरी कळणार नाही.

एक वार, फ्रेम मोजून

तांबड्याचा खांद्यावरचा निर्णायक वार जवळून पाहू. २३०व्या फ्रेमला त्याचे वजन दोन्ही पायांवर सारखे आहे. २३० ते २३७ मध्ये वजन मागच्या पायावर जाते, कंबर चार-पाच सेंटिमीटर खाली बसते आणि लाठीचे टोक डोक्याच्या मागे जाते. ही तयारी आहे, आणि तिला आठ फ्रेम दिल्या आहेत, कारण ती प्रेक्षकाला दिसली नाही तर पुढचा वार डोळ्यांतून निसटतो. २३८ला पुढचा पाय जमीन सोडतो आणि २४१ला पुन्हा टेकतो. पाय टेकल्याच्या क्षणी कंबर वळायला लागते, त्यापुढच्या फ्रेमला खांदे, मग २४३ आणि २४४ला हात, आणि २४५ला लाठी खांद्यावर. जोर जमिनीतून वर चढत लाठीच्या टोकापर्यंत जातो. कंबर, खांदे आणि हात एकाच फ्रेमला निघाले की माणसाच्या जागी दाराची फळी फिरल्यासारखी दिसते.

लाठीच्या टोकाचा मार्ग मोशन ट्रेल चालू करून अवश्य पाहावा. तो गोलाईने गेला पाहिजे, आणि त्यावरचे ठिपके सुरुवातीला दाटीने आणि वाराच्या ऐन भरात एकमेकांपासून दूर पडले पाहिजेत. २४२ ते २४५ या चार फ्रेममध्ये टोक जितके अंतर कापते तितके आधीच्या बारा फ्रेममध्येही कापलेले नसावे.

आता मार खाणारा. २४५ ते २४७ या तीन फ्रेम दोन्ही गडी जवळजवळ गोठलेले ठेवावेत. एवढ्याशा थांब्यामुळे डोळ्याला आघात मोजायला अवधी मिळतो. मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये ही युक्ती सर्रास वापरली जाते. फक्त लाठीचे टोक सेंटिमीटरभर थरथरत ठेवावे, म्हणजे चित्र अडकल्यासारखे वाटत नाही. २४८ला पांढऱ्याचा खांदा दहा सेंटिमीटर खाली जातो. त्याचे डोके दोन फ्रेम उशिरा निघते, म्हणून क्षणभर ते वाराच्याच दिशेने कलल्यासारखे दिसते आणि मग मागे फेकले जाते. २५०ला मागचा पाय उचलला जातो, २५२पर्यंत कंबर तीस सेंटिमीटर सरकलेली असते, आणि २५६ला टेकलेला पाय वजन पेलू न शकल्यामुळे गुडघ्यात मोडतो. वाराचा जोर तांबड्याच्या हातापेक्षा पांढऱ्याच्या या दहा फ्रेममध्ये जास्त असतो. वेळ कमी असेल तर मारणाऱ्याच्या हालचालीवरचे काम आवरते घ्यावे, मार खाणाऱ्यावरचे नाही.

कोसळताना

पडण्याला किती फ्रेम द्याव्यात हे अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. उभ्या माणसाची कंबर जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर असते आणि पडल्यावर ती २० सेंटिमीटरवर येते. ७५ सेंटिमीटर मुक्तपणे पडायला गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने साधारण ०.४ सेकंद लागतात, म्हणजे नऊ-दहा फ्रेम. पाय थोडा विरोध करतात म्हणून बारा ते चौदा फ्रेम धराव्यात. सहा फ्रेममध्ये पाडले तर खालून कोणी ओढल्यासारखे दिसते, पंचवीस फ्रेम दिल्या तर गडी पाण्यात बुडतो आहे असे वाटते. शिवाय सुरुवातीच्या फ्रेममध्ये कंबर थोडी आणि शेवटच्या फ्रेममध्ये जास्त उतरली पाहिजे. कर्व्ह एडिटरमध्ये, जिथे हालचाल आलेखाच्या रेषेसारखी दिसते, ती रेषा खाली जाताना अधिकाधिक उभी होत गेलेली दिसावी, आणि जमिनीला टेकताना ती हळुवार न होता तुटावी.

रॅगडॉल, म्हणजे भौतिक नियमांवर शरीर सोडून देण्याची सोय, या पडण्यासाठी वापरू नये. ती शरीराला निर्जीव वस्तू समजून पाडते. जिवंत माणूस पडताना हनुवटी छातीकडे ओढतो, एक हात आधी जमिनीकडे नेतो आणि पाठ गोल करतो. पांढऱ्याचा डावा हात कंबरेच्या तीन-चार फ्रेम आधी जमिनीला लागला पाहिजे, आणि त्या हाताने लाठी केव्हा सोडली हेही प्रेक्षकाला स्पष्ट दिसले पाहिजे.

गुळगुळीत करताना होणारे नुकसान

सर्व पवित्रे पक्के झाल्यावर इंटरपोलेशन ऑटोवर न्यावे. त्या दिवशी बहुतेकांचा धीर खचतो, कारण काल ठसठशीत दिसणारी लढत आज तरंगताना दिसते. इंजिनने दोन पवित्र्यांमधले अंतर सारखे वाटून दिलेले असते आणि सगळे अवयव एकाच वेळी निघून एकाच वेळी पोहोचतात. आधीच्या पवित्र्यावर गडी जास्त फ्रेम थांबवून मधली हालचाल कमी फ्रेममध्ये उरकणे आणि अवयवांना एक-दोन फ्रेमने मागेपुढे सरकवणे, असे त्यावर दोन उपाय आहेत. ऑटो वक्ररेषा कीफ्रेमच्या थोडी पलीकडे जाऊन परत येते, त्यामुळे टेकलेला पाय सरकतो किंवा जमिनीत बुडतो. पाय जितक्या फ्रेम जमिनीवर आहे त्या संपूर्ण काळात त्याची रेषा सपाट करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण दोन्ही गड्यांचे चारही पाय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकेकदा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कॅमेरा

कॅमेऱ्याला हात घालण्याची वेळ आता येते. दोघा गड्यांना जोडणारी एक रेषा जमिनीवर कल्पावी आणि सर्व कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवावेत, म्हणजे पांढरा कायम डावीकडे आणि तांबडा कायम उजवीकडे राहतो. दोघे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा ही रेषाही फिरते, म्हणून सुरुवातीच्या चार सेकंदांसाठी एकच रुंद दृश्य ठेवावे आणि गडी स्थिरावल्यावरच जवळच्या कॅमेऱ्यावर जावे.

सिने कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरचे भिंग देऊन तो कंबरेच्या उंचीवर ठेवला की पाय आणि लाठी दोन्ही चौकटीत राहतात. प्रत्येक दृश्य मोबाइलच्या अंगठ्याएवढे लहान करून पाहावे. लाठी शरीराच्या आड जाऊन हरवत असेल तर कॅमेरा किंवा गडी थोडा वळवून ती मोकळ्या आकाशापुढे आणावी. खांद्यावरच्या वारासाठी ८५ मिलिमीटरचे भिंग घेऊन कॅमेरा तांबड्याच्या पाठीमागे, जवळजवळ वाराच्या रेषेत ठेवावा. या कोनातून लाठी आणि खांदा यांतली पाच-सहा सेंटिमीटरची फट दिसत नाही. रंगभूमीवरही खोटी थप्पड याच युक्तीने खरी वाटते.

आघाताच्या फ्रेमवर कट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कट पावलाच्या किंवा वळण्याच्या हालचालीत घ्यावा आणि पुढच्या दृश्यात तीच हालचाल दोन-तीन फ्रेम मागून सुरू करावी, म्हणजे डोळ्याला कट जाणवत नाही. १८ सेकंदांना पाच-सहा दृश्ये भरपूर होतात. कॅमेरा हलवून, झटपट कट मारून लढत वेगवान करण्याची सवय बरीच पसरलेली आहे, पण ज्याने एवढ्या कष्टाने पाय बसवले त्याने ते लपवण्याचे काही कारण नाही.

प्रकाश एका बाजूने आणि किंचित मागून दिला की गड्यांच्या कडा उठून दिसतात. तांबड्या मातीची जमीन ठेवायची असेल तर पाय टेकल्याच्या फ्रेमला नायगारा या इंजिनमधील कणांच्या प्रणालीतून थोडी धूळ उडवावी, मात्र ती घोट्याच्या वर जाऊ देऊ नये. धीमी गती हवी असेल तर टाइम डायलेशनचा ट्रॅक घेऊन फक्त पडण्याच्या वेळी वेग निम्म्यावर आणावा. हालचाल वक्ररेषांवर चालत असल्यामुळे इंजिनला मधल्या अवस्था अचूक काढता येतात आणि चित्र अडखळत नाही.

आवाज आणि शेवटचे चित्र

आवाजासाठी खऱ्या बांबूच्या दोन काठ्या घ्याव्यात आणि शांत खोलीत, गादीजवळ उभे राहून फोनवर पंचवीस-तीस वेगवेगळे टोले ध्वनिमुद्रित करावेत. बंद टोला, पोकळ टोला आणि घासत गेलेला टोला यांत मोठा फरक असतो, आणि तीन वेगवान वारांना तीन वेगळे टोले लागतात. खांद्यावरच्या वारासाठी काठीचा आवाज चालत नाही. भरलेल्या पोत्यावर मारलेली काठी तिथे बरोबर बसते. आवाज आघाताच्या फ्रेमवर किंवा त्यानंतर एक फ्रेम ठेवावा. २४ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद, आणि इतका उशीर कानाला खटकत नाही. आवाज आधी आला तर मात्र लगेच खटकतो.

दृश्य बाहेर काढण्यासाठी मूव्ही रेंडर क्यू हे प्लगिन चालू करावे. थेट चित्रफीत न काढता १९२० बाय १०८० आकाराची पीएनजी चित्रमालिका काढावी, म्हणजे ३००व्या फ्रेमला संगणक बंद पडला तरी आधीच्या फ्रेम हाताशी राहतात. मोशन ब्लरचे, म्हणजे हालचालीमुळे येणाऱ्या पुसटपणाचे, प्रमाण ०.५ ठेवावे, म्हणजे शटर १८० अंशांचे आणि प्रत्येक फ्रेमचा प्रकाशनकाळ सेकंदाचा ४८वा भाग होतो. टेम्पोरल सॅम्पल (एका फ्रेमसाठी काढून एकत्र केलेल्या चित्रांची संख्या) ८ किंवा १६ ठेवल्यास वेगाने फिरणारी लाठी तुकड्यातुकड्यांनी न दिसता एकसंध पुसट दिसते. प्रत्येक कटनंतरची पहिली फ्रेम मोठी करून पाहावी, कारण कॅमेरा अचानक बदलल्यावर तिथे भलताच ब्लर राहण्याची शक्यता असते. तसे दिसल्यास वॉर्म-अपच्या फ्रेम (चित्र काढण्याआधी इंजिन नुसते चालवून घेतलेल्या फ्रेम) वाढवून तेवढाच भाग पुन्हा काढावा. ही मालिका दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत आणावी, तिचा वेग २४ फ्रेम आहे याची खातरजमा करावी, त्याखाली टोले मांडावेत आणि शेवटच्या सहा सेकंदांत दोघांच्या श्वासाखेरीज दुसरा कोणताही आवाज ठेवू नये.